पाळीव कुत्रा, शेजार आणि कायदा

तंटा म्हटला की शेताचा बांध, विहिरीचे पाणी, वहिवाटीचा रस्ता आणि भाऊवाटणी हेच विषय सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढे येतात. पाळीव कुत्र्यावरून उद्‌भवणाऱ्या भांडणाची गणना त्यांत कोणी करीत नाही. अशा तक्रारीचा अर्ज ग्रामपंचायतीपुढे आला तर सदस्यांच्या चेहऱ्यांवर हसू उमटते. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत आला तर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात ढकलला जातो. तक्रारदाराला मात्र हसू येत नसते. त्याचे मूल त्या दारावरून शाळेत जाण्यास भीत असते, किंवा त्याच्या वृद्ध आईची झोप महिनोन्‌महिने मोडलेली असते. उलट कुत्रा पाळणाऱ्याच्या दृष्टीने तो घरातीलच एक जीव असतो आणि त्याच्यावरील आरोप मालकाला स्वतःवर आल्यासारखा झोंबतो. दोन्ही बाजूंची भावना इतकी तीव्र असलेला विषय क्षुल्लक मानणे शहाणपणाचे नव्हे. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारी हुकमाने कुत्री मारण्याची मोहीम सुरू असता पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद झाली आणि शांतता राखण्यासाठी लष्कर बोलवावे लागले, ही इतिहासातील नोंद या संदर्भात आठवण्यासारखी आहे.

मोकाट कुत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्यासाठी केंद्र शासनाचे प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेले आदेश आहेत. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात केलेला नाही. ज्याला मालक आहे, ज्याचे नाव ठेवलेले आहे आणि तरीही ज्याच्यामुळे शेजार दुरावतो, अशा कुत्र्यासंबंधी मालकाची, शेजाऱ्याची आणि स्थानिक अधिकाऱ्याची जबाबदारी काय, एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित आहे.

मुंबईतील दोन खटले

मे २०१० मध्ये दक्षिण मुंबईत मालमत्तेच्या कारणावरून दोन गृहस्थांचा रस्त्यावर वाद चालला होता. एकाच्या मोटारीत रॉटवायलर जातीचा कुत्रा बसलेला होता. मोटारीचे दार उघडू नका, असे सांगितले गेले असतानाही त्याने दार उघडले. कुत्रा बाहेर आला आणि समोरच्या वृद्धास कडकडून चावला. या प्रकरणाचा निकाल २०२३ मध्ये लागला व दंडाधिकाऱ्यांनी मालकास तीन महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली.

दुसरी घटना वरळी येथील एका उंच इमारतीतील. फेब्रुवारी २०१८ मध्ये एक रहिवासी आपल्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन लिफ्टमधून खाली जात होता. वाटेत एका मजल्यावर लिफ्ट थांबली आणि तेथील रहिवासी कुत्र्यासह आत येऊ लागला. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, कृपया थोडे थांबा, अशी विनंती बापाने केली. ती न जुमानता कुत्र्याला ओढून आत आणण्यात आले आणि त्याने त्या बापाच्या हाताचा चावा घेतला. मे २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. कुत्र्याला निर्दयपणे ओढत आत नेल्याचे सीसीटीव्हीच्या चित्रणात दिसत होते, याचीही न्यायालयाने दखल घेतली. माणसाची पर्वा न करणारा हा मालक कुत्र्याच्या बाबतीतही दयाळू नव्हता.

या दोन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. चावा घेतला जाण्यापूर्वी मालकाला कोणीतरी सावध केले होते. एका ठिकाणी ‘दार उघडू नका’, दुसऱ्या ठिकाणी ‘थोडे थांबा’. एवढे ऐकले असते तर कुत्रा चावला नसता आणि सात-तेरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या नसत्या. कुत्र्यासंबंधीच्या बहुतेक तंट्यांचे खरे स्थान हेच आहे. कुत्र्याचा स्वभाव हे निमित्त असते. शेजाऱ्याने केलेली विनंती मालकाने कशी घेतली, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

कायदा काय म्हणतो

भारतीय दंड संहितेच्या २८९ व्या कलमात असलेली तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात आली आहे. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मानवी जीविताला संभाव्य धोका किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी घेण्यात जो कोणी जाणीवपूर्वक वा हयगयीने कसूर करील, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पूर्वी दंडाची मर्यादा एक हजार रुपये होती. हा दखलपात्र अपराध आहे.

या कलमातील दोन शब्दांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पहिला शब्द ‘ताब्यातील’. कलमात ‘मालकीचा’ असे म्हटलेले नाही. त्यामुळे कुत्रा धाकट्या भावाचा आहे, गावी गेलेल्या मित्राने ठेवावयास दिला आहे, किंवा फिरवावयास नोकराने नेला होता, ही सबब नेहमीच उपयोगी पडत नाही. साखळी ज्याच्या हातात, खबरदारीही त्याच्याकडे. ‘कुत्रा आमचा नव्हे, नुसता दारात बसतो’, हे वाक्य पंचनाम्याच्या वेळी हमखास ऐकू येते. अशा वेळी त्याला रोज खाऊ कोण घालते, लस कोणी टोचून आणली आणि हाक मारताच तो कोणाकडे जातो, हे पाहिले की पुष्कळसा उलगडा होतो. दुसरा शब्द ‘संभाव्य’. कलम चाव्याची वाट पाहत नाही. यापूर्वी दोघांच्या अंगावर धावून गेलेला कुत्रा पुन्हा फाटक उघडे टाकून मोकळा सोडला गेला, तर कोणाला इजा झालेली नसली तरी हयगयीचा प्रश्न उभा राहू शकतो. ‘अजून कोणाला चावलेला नाही’ या उत्तराने मालकाची सुटका होईलच असे नाही.

कुत्रा मुद्दाम अंगावर सोडणे हा तर याहून गंभीर प्रकार होय. प्राण्याच्या साधनाने इच्छापूर्वक दुखापत करण्यास न्याय संहितेच्या ११८ व्या कलमात शिक्षा सांगितली आहे. हिंस्र कुत्रा मोकाट सोडण्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वयेही मनाई आहे.

कायद्याचे दुसरे अंग प्राण्याच्या रक्षणाचे आहे आणि तक्रारदाराने ते तितकेच नीट समजून घेतले पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. कुत्र्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला हिंडण्याफिरण्याची वाजवी संधी न देणे, उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे सारे त्यात क्रूरता म्हणून गणले आहे. पहिल्या अपराधास सांगितलेला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. आजच्या काळात ही रक्कम वाचून कोणासही हसू यावे. मात्र शेजाऱ्याने विष घातल्यास प्रकरण हसण्यावारी जात नाही. प्राण्याला मारणे, विष देणे वा जायबंदी करणे यासाठी न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमान्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या संहितेत प्राण्याची किंमत किमान दहा रुपये असावी अशी अट होती. नव्या कलमात किमतीची अट नाही. गावठी कुत्र्याला काय किंमत, हा प्रश्न आता कायद्याने निकालात काढला आहे.

शेजारधर्माच्या चार गोष्टी

चाव्याची प्रकरणे तुलनेने थोडी असतात. भुंकणे, घाण आणि भीती यांच्या तक्रारी मात्र रोजच्या आणि त्यांपैकी भुंकण्याची तक्रार सर्वांत चिवट. कुत्रा विनाकारण भुंकत नाही. दिवसभर एकटा कोंडलेला, रस्त्याकडे तोंड असलेल्या सज्जात ठेवलेला, पुरेसा न फिरविलेला कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतो, आणि मालक कामावर गेलेला असल्याने त्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच ‘आमचा कुत्रा भुंकतच नाही’ असे मालक सांगतो तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो! अशा वेळी शेजाऱ्याने वाद घालण्यापेक्षा आठ-दहा दिवस एका वहीत वार, वेळ आणि भुंकण्याचा कालावधी टिपून ती वही मालकाला दाखवावी. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ मानला असून निवासी क्षेत्रात त्या वेळी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. परंतु थांबून थांबून होणाऱ्या भुंकण्याचे मोजमाप करणे सोपे नाही. तेथे वहीचा उपयोग यंत्रापेक्षा अधिक होतो. मालकानेही रात्री कुत्र्याला सज्जातून आत घ्यावे, सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्याला भरपूर हिंडवून आणावे आणि रस्ता दिसणारी खिडकी झाकावी. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. त्याला आखूड साखळीने परसात बांधून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने भुंकणे वाढते, स्वभाव चिडका होतो आणि वर सांगितलेला १९६० चा अधिनियम आड येतो तो वेगळाच.

घाणीच्या बाबतीत फारसे बोलण्यासारखे नाही. आपल्या कुत्र्याने केलेली घाण आपण उचलावी. मुंबईत महानगरपालिकेने २००६ च्या स्वच्छता उपविधींद्वारे यासाठी दंडाची तरतूद केली होती. येथे भूतदयेचा दाखला देण्याचा मोह काही मालकांना होतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. पण ती पोळी नामदेवांची स्वतःची होती, शेजाऱ्याची नव्हे, हे विसरून चालणार नाही.

भीतीची तक्रार मालकाला सर्वांत अन्यायाची वाटते. ‘तो काही करीत नाही’ हे त्याचे ठरलेले उत्तर. पण समोरच्याला कुत्र्याची पूर्वपीठिका माहीत नसते. त्याला फक्त दात दिसतात. भीती ही चूक नव्हे आणि ती वाद घालून जातही नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, फाटकात आखूड पट्टा धरून कुत्र्याला आपल्या अंगाशी घ्यावे, समोरच्याला आधी जाऊ द्यावे, आणि लहान मूल वा वृद्ध असेल तर पुढच्या फेरीसाठी थांबावे. वरळीच्या प्रकरणात प्रश्न एवढ्याच एका मिनिटाचा होता.

गृहनिर्माण संस्थांनाही मर्यादा आहेत. सभेत बहुमताचा ठराव करून कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले असून, केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये निवासी संघांच्या अशा बंदीच्या तरतुदी बेकायदेशीर ठरविल्या. विशिष्ट जातींवरील बंदीबाबतही असाच गोंधळ आढळतो. केंद्र शासनाच्या एका विभागाने मार्च २०२४ मध्ये काही आक्रमक जातींच्या पैदाशीस व पाळण्यास मनाई करण्यासंबंधी पत्रक काढले होते; ते कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्दबातल ठरविले. संस्थेने बंदी घालण्याच्या भानगडीत न पडता फिरविण्याची जागा व वेळा, पट्टा आणि स्वच्छता यांचे साधे नियम मालकांना सोबत घेऊन ठरवावेत आणि दरवर्षी लसीच्या दाखल्याची प्रत दप्तरी मागून घ्यावी. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महानगरपालिकेचा परवाना घ्यावा लागतो व त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो. परवाना नसलेल्या मालकाची बाजू तंट्याच्या वेळी आरंभीच दुबळी पडते.

खेड्यातील निराळी परिस्थिती

शहरातील कुत्रा घरात असतो. खेड्यातील कुत्रा कामावर असतो. मळ्याची राखण, मेंढरांचा वाडा, खळ्यावरचे धान्य ही त्याची कामे. सांगली-कोल्हापूरकडे आढळणारा कारवान अथवा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा तर वेगवान धावण्यासाठीच प्रसिद्ध आहे. असा कुत्रा दिवसा बांधून रात्री मोकळा सोडण्याची रीत जुनी आहे. वस्त्या विरळ होत्या तोवर ती निभावली. आता मळ्याच्या कडेने डांबरी रस्ता गेला, शाळेची मुले पहाटे सायकलने शिकवणीस जाऊ लागली, आणि रात्री सोडलेला कुत्रा सकाळी बांधावयास अर्धा तास उशीर झाला की दुचाकीमागे धावू लागतो. येथे राखणीची गरजही खरी आणि रस्त्यावरील धोकाही खरा. कुत्रा काढून टाका असे सांगणे शेतकऱ्याला पटत नाही व पटण्याचे कारणही नाही. रस्त्याच्या बाजूस कुंपण, बांधण्याची ठरलेली वेळ आणि ती पाळणारा घरातील एक जबाबदार माणूस, एवढे ठरवून घेणे शक्य असते.

कोंबड्या किंवा करडे मारल्याची भरपाई गावात बहुधा तोंडीच ठरते. ती लेखी ठरवावी. अन्यथा दुसऱ्या वेळी पहिल्या वेळेचा पुरावा राहत नाही. एक वाईट रीत मात्र बंद व्हावयास हवी. तक्रार वाढली की कुत्रा पोत्यात घालून दूरच्या गावाबाहेर सोडून येतात आणि तंटा मिटला असे समजतात. यात १९६० च्या अधिनियमाचा भंग होतो, आणि अनोळखी ठिकाणी उपाशी हिंडणारा कुत्रा दुसऱ्या गावाच्या माथी मारला जातो. काही ठिकाणी असा सल्ला खुद्द पंचच देतात, ही खेदाची गोष्ट होय.

तक्रार आल्यावर

ग्रामपंचायतीला अथवा ग्रामसभेला ठराव करून कुत्रा मारण्याचा आदेश देता येत नाही. धोकादायक प्राण्याचा नाश करणे, त्यास बंदिस्त ठेवणे किंवा त्याची अन्य व्यवस्था लावणे यासंबंधी सशर्त आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमान्वये जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी खास अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांना आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ ते हेच. हा आदेश सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. दोन घरांतील खासगी कुरबुरीसाठी नाही. शिवाय संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून तो कायम होत नाही. कुत्रा बंदिस्त ठेवल्याने धोका टळत असेल तर त्यापुढे जाण्याचे कारण नाही.

त्यापूर्वीची पायरी मात्र पूर्णपणे स्थानिक मंडळींच्या हाती आहे. तक्रार आली की ती हसून बाजूला न ठेवता नोंदवहीत तारीखवार लिहावी व मालकास एक साधे पत्र द्यावे. अमुक तारखेस, अमुक ठिकाणी आपला कुत्रा अंगावर आल्याचे अमुक यांनी कळविले आहे. पुढील आठ दिवसांत कोणती व्यवस्था करणार ते लिहून द्यावे. एवढाच मजकूर पुरे. या पत्राचा लाभ दोघांनाही होतो. मालकाने व्यवस्था केली तर ते पत्र त्याच्या बाजूने बोलते. न केली, तर ‘मला कोणी सांगितलेच नव्हते’ हे म्हणणे पुढे टिकत नाही. तोंडी निरोपाला शेजारच्या भांडणात मोठा धोका असतो. निरोप नेणारा त्यात आपली भर घालतो आणि मूळ विनंतीचा अपमान होऊन बसतो. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून अनेक गावांत तंटामुक्ती समित्या स्थापन झाल्या. भुंकणे, घाण, फाटक आणि कोंबड्यांची भरपाई हे त्यांनी सोडवावेत असेच विषय होत. जबर चाव्याचे प्रकरण मात्र समितीने दाबून ठेवू नये. ते दवाखान्याचे व पोलीस ठाण्याचे आहे.

चावा झाल्यास भांडण नंतर, जखम आधी. साबण व वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल, हळद काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे लस विनामूल्य मिळते. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. पुढील मात्रांच्या तारखा चुकवू नयेत. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस टोचलेली आहे, या आश्वासनावर विसंबून उपचार लांबवू नये; रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही.

शाळेतील शिक्षकांना याबाबतीत घरच्यांपेक्षाही अधिक करता येण्यासारखे आहे. मुले रागावणी खावी लागेल या भीतीने ओरखडा लपवितात, विशेषतः शेजारच्या कुत्र्याला आपणच डिवचले असेल तर. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये, तो अंगावर आल्यास पळू नये, आणि ओरखडा कितीही लहान असला तरी त्याच दिवशी सांगावा, त्याबद्दल कोणी रागावणार नाही, असे वर्गात वरचेवर सांगितले गेले पाहिजे.

चावलेल्या कुत्र्याला संतापाच्या भरात मारून टाकू नये आणि मालकानेही त्याला नातेवाइकाच्या गावी हलवू नये. दहा दिवस त्याला बांधून, अन्नपाणी देऊन नजरेखाली ठेवावयाचे असते. या काळात तो मेला किंवा त्याच्या वागण्यात फरक पडला तर पशुवैद्यकीय दवाखान्यास व उपचार करणाऱ्या डॉक्टरांस त्वरित कळवावे लागते. चावा घेतलेल्याचे उपचार हे दहा दिवस थांबवून ठेवावयाचे नाहीत. निरीक्षण आणि उपचार एकाच वेळी चालतात. कुत्रा कोठे बांधला आहे, त्याची देखरेख कोण करतो आणि दहावा दिवस कोणत्या तारखेस येतो, हे ग्रामसेवकाने अथवा संस्थेच्या सचिवाने त्याच नोंदवहीत, मूळ तक्रारीखाली लिहावे, त्यावर दोन्ही घरांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत आरोग्य केंद्राकडे पाठवावी.